निळ्या खडूतला आकडा

१

सोमवारी दुपारी बारा वाजता कोनवालीच्या टेबलावर पंधरा इंची सबवूफर आला, तो मेलेलाच आला. मॅग्नेटला सुतळीने चिठ्ठी बांधलेली होती: 'जळालेला. कॉइल बदलून आजच द्या.' तो उचलून आणणाऱ्याचा चेहराही स्पीकरपेक्षा फार बरा नव्हता.

कोनवाली हे तिचं नाव नव्हे, धंदा. स्पीकरचे फाटलेले कोन, म्हणजे पुढचे कागदी पडदे, काढून नवे चिकटवायचे, जळालेल्या कॉइल, म्हणजे आतली तारेची वेटोळी, उपसून नव्या बसवायच्या. तीस वर्षं ती हेच करत होती आणि माणसांबद्दलचं तिचं मत स्पीकरच्या आत डोकावून बनलेलं होतं. ते मत चांगलं नव्हतं. उंदरांची घरटी, कुजलेलं सफरचंद, एकदा तर चघळून चिकटवलेल्या च्युइंगगमने जोडलेली तार तिने बाहेर काढली होती. ती तोंड वाकडं करून सगळं उपसायची आणि मग कोपरापर्यंत हात धुवायची.

"कोणाचा?"

"दातांच्या डॉक्टरांचा. शुक्रवारी संध्याकाळी गाडी दिली. काल बंद पडला." बोलणारा चाळिशीतला होता. सगळे त्याला काटा म्हणत, कारण स्वतःच्या कानापेक्षा मीटरच्या काट्यावर त्याचा जास्त विश्वास. थोरल्या भावाच्या कार ऑडिओच्या दुकानात आवाज जुळवायचं काम तो करायचा. तारेला सोल्डरचा डाग द्यायला मात्र तो याच टेबलाशी, हिच्या हाताखाली शिकला होता.

"जळाला कशाने?"

"अँपवरचा बास बूस्ट पूर्ण फिरवलेला सापडला. दादा म्हणतो, मीच तसा ठेवला."

"ठेवलास?"

"मी बूस्ट कायम शून्यावर ठेवतो, मावशी. वहीतही शून्यच लिहिलंय. पण शुक्रवारी तीन गाड्या होत्या आणि अंगात ताप. वहीत मी सवयीने लिहितो. हात नेमका कुठे फिरला, ते आठवतच नाही."

"मग?"

"दादाने कागद तयार केलाय. चूक माझी, असा. पाच वाजेपर्यंत सही करायची आणि उद्यापासून दुकानात यायचं नाही." तो चिठ्ठीची सुतळी बोटाला गुंडाळत राहिला. "सकाळी आईचा फोन आला होता. म्हणाली, करून टाक सही, भावाभावांत तमाशा नको."

असला कागद कुठे कुठे पोचतो हे कोनवालीला ठाऊक होतं. उद्या दुपारपर्यंत गावातल्या प्रत्येक दुकानात त्याची चर्चा झाली असती आणि त्यानंतर काट्याच्या हातात कोणी स्क्रूड्रायव्हर दिला नसता.

तिने स्पीकर उपडा केला. मॅग्नेटच्या पाठीवर निळ्या खडूने काहीतरी लिहून ते अंगठ्याने पुसलेलं होतं. एकाचा आकडा, एक टिंब, पुढे नुसता निळा धुरळा. तिने ते लक्षात ठेवलं आणि नाक खाली नेलं.

जळालेल्या कॉइलचा वास तिने झोपेतही ओळखला असता. लाख आणि केस एकत्र पेटवल्यासारखा, टाळूला चिकटून बसणारा. तो इथे नव्हता. इथे दुसराच वास होता, आंबट, नासका.

मीटरच्या दोन तारा तिने टोकांना लावल्या. एक पूर्णांक नऊ.

"दोन ओहमची कॉइल एक पूर्णांक नऊ दाखवते म्हणजे काय रे?"

"धडधाकट आहे," काटा म्हणाला आणि स्वतःच दचकला.

तिने मधली टोपी कापली, कोन कडेने सोडवला आणि कॉइल उजेडात धरली. तांब्याची तार नव्या घागरीसारखी लखलखत होती.

"हा जळालेला नाही," ती म्हणाली. "याला आपटून आपटून मारलाय."

२

सबवूफरला मरायचे दोन रस्ते. एक उष्णतेचा. बास बूस्ट हा पंचेचाळीस हर्ट्झच्या आसपासचा आवाज फुगवतो. पूर्ण फिरवला तर अँपला, म्हणजे स्पीकरला वीज पुरवणाऱ्या यंत्राला, त्या जागी सोळापट ताकद ओतावी लागते. ती ओतताना अँप धापा टाकतो आणि कॉइल आधी तपकिरी, मग काळी होते. दुसरा रस्ता धावण्याचा. फार खालचे सूर कानाला जेमतेम ऐकू येतात, पण कोनला ढकलून ढकलून त्याच्या मर्यादेबाहेर नेतात. त्यासाठी अँपवर सबसॉनिक फिल्टर असतो. तो ठरावीक आकड्याखालचं सगळं अडवतो.

कॉइलच्या नळीची खालची कड मागच्या लोखंडावर आदळून चेपली होती, टिनाच्या डब्यावर पाय पडावा तशी. कोनला मागून धरून ठेवणारी पिवळी घडीची चकती, जिला स्पायडर म्हणतात, ती अर्धी फाटली होती.

"फिल्टर किती ठेवला होतास?"

"अठ्ठावीस. पेटी तेहतीसला लागली होती, म्हणून थोडा खाली." पेटी म्हणजे सबवूफर ज्यात बसतो ते लाकडी खोकं. त्याला हवा ये-जा करायला एक लांब बोगदा असतो आणि त्या बोगद्याच्या लांबीवर पेटीचा आकडा ठरतो. "फिल्टर मी आज सकाळी तपासला. अठ्ठावीसलाच आहे. कोणी स्क्रू फिरवला तर कळावं म्हणून मी त्यावर लावलेला लाल ठिपकासुद्धा फुटलेला नाही."

"बूस्टवरचा?"

"तो फुटलाय. पण ठिपका लावल्यावर तापात मीच पुन्हा फिरवला असेन तर?"

कोनवालीने चष्मा कपाळावर सरकवला. "आता नीट ऐक. डॉक्टर आवाज किती मोठा ठेवतात?"

"सिग्नलला शेजारच्या गाड्या काचा वर करतात."

"शुक्रवार ते रविवार बूस्ट पूर्ण, आणि आवाज एवढा. मग ही तार निदान तपकिरी तरी पडायला नको?"

काट्याने कॉइल हातात घेतली, उलटसुलट केली. त्याच्या कपाळावरची शीर हलायला लागली.

"बूस्ट तेव्हा शून्यावरच होता," ती म्हणाली. "स्पीकर मेला, आणि मग कोणीतरी तो स्क्रू फिरवला. मेलेल्याच्या हातात विषाची बाटली नेऊन ठेवावी, तसा."

"पण मग मेला कशाने? फिल्टर बरोबर होता की!"

"ते गाडीत बघायला लागेल." ती उठली, आणि नळाखाली पुन्हा एकदा हात धुतले. नासका वास गेला नाही.

३

दुकानाची काच चकचकीत होती आणि काचेमागचं सगळं तेलकट. मालक, म्हणजे काट्याचा दादा, काउंटरमागे बसला होता. त्याच्या खिशात पेन, टेस्टर, कंगवा, निळा खडू असं सगळं खच्चून भरलेलं होतं. गाडीची किल्ली कानात घालून फिरवायची त्याला सवय होती. ती बाहेर काढून, टोकाकडे बघून, तीच तो गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. कोनवालीने आयुष्यात या माणसाकडून काहीही हातात घेतलं नव्हतं. टेबलावर ठेवायला सांगायची.

"बाई, तुम्हाला कॉइल बदलायला सांगितली होती. फिरायला नाही."

"कॉइल चांगली आहे. चांगली वस्तू मी बदलत नाही."

किल्ली कानात थांबली. "बंद पडलाय ना पण?"

"बंद पडलाय. जळलेला नाही."

"अहो, बूस्ट पूर्ण होता! मी स्वतः बघितलं, सकाळी सव्वानऊला. हा तर दहाला उगवतो." त्याने भावाकडे न बघता अंगठा त्याच्या दिशेने केला. "ताप होता म्हणे. ताप असताना माणसाने घरी झोपावं, लोकांच्या गाड्या कशाला जाळाव्यात?"

भिंतीवर काट्याच्याच अक्षरातला एक पुठ्ठा लावलेला होता: 'बास बूस्टला हात लावू नये. स्पीकर जळतो.' त्याखालच्या फळीवर गिऱ्हाइकांनी परत आणलेल्या वस्तू ओळीने ठेवल्या होत्या. प्रत्येकीच्या पाठीवर निळ्या खडूत एकेक आकडा. कोनवालीची नजर त्या ओळीवरून सावकाश फिरली.

दातांचे डॉक्टर मागच्या आवारात गाडीपाशी उभे होते. नाक लाल, हातात रुमाल. त्यांनी डिकी उघडली आणि नासक्या वासाचा भपका अंगावर आला. कोनवाली दोन पावलं मागे सरली. चटईचा कोपरा तिने दोन बोटांनी उचलला. खाली दुधाची पिशवी फुटून पिवळा, केसाळ थर झाला होता.

"डॉक्टर, हे कधीचं?"

"अरेच्चा! गुरुवारी आणलं होतं बहुतेक. बायको विचारत होती दूध कुठे म्हणून." डॉक्टर वाकून बघू लागले, अगदी शांतपणे. "मला वासच येत नाही हो, आठवडाभर नाक चोंदलंय."

"मग जळका वास तरी आला होता का?"

"आला म्हणाले सगळे."

"सगळे म्हणजे कोण?"

डॉक्टर विचारात पडले. "सगळे म्हणजे... तो पेटीवाला. सुतार. आज सकाळी नऊला मी गाडी लावली तेव्हा तोच होता इथे. डिकीत डोकं घातलं आणि म्हणाला, जळालाय, वास बघा केवढा. मी खालच्या दुकानात चहा घ्यायला गेलो, परत आलो तर मालक आले होते. त्यांनी मला स्क्रू दाखवला."

"कुठला स्क्रू?"

"हा." डॉक्टरांनी आत्मविश्वासाने फ्यूजवर बोट ठेवलं.

काट्याच्या ओठाचा कोपरा त्या दिवशी पहिल्यांदा हलला.

"बरं. शनिवारी आवाज कसा होता?"

"झकास. रविवारी सकाळी पेटीत काहीतरी खडखडायला लागलं. दुकानात फोन केला, तर मालकांनी त्याच सुताराला घरी पाठवलं. दहा मिनिटांत खडखड बंद! आणि तुम्हाला सांगतो, त्यानंतर आवाज आणखीनच बसला छातीत. मग दुपारी लांब चक्कर मारली. एका गाण्यात खाली खाली घरंगळत जाणारा सूर आहे, तो लागला आणि मागून टक-टक-टक... मग एकदम शांत."

काटा वळून कोनवालीकडे बघायला लागला. सुतार रविवारी येऊन गेल्याचं त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

तिने टॉर्च घेतला आणि अँपवर धरला. बूस्टच्या स्क्रूच्या खाचेत काहीतरी पिवळट, अर्धपारदर्शक अडकलं होतं, नखाच्या कपच्यासारखं. तिने चिमट्याने ते उचललं.

वाळलेला सरस होता.

४

सुताराची शेड आवाराच्या टोकाला होती. जमिनीवर भुशाचा थर, त्यात पान खाऊन थुंकावं तशा सरसाच्या पिवळ्या कपच्या. सुतार बोलता बोलता बोटांवरचा वाळलेला सरस दातांनी सोलायचा आणि बाजूला थुंकायचा. त्या कपच्या कुठून आल्या ते आता कळलं. कोनवाली उभीच राहिली. बसायला दिलेल्या स्टुलावरही कपच्या होत्या.

"काल काय केलंस डॉक्टरांच्या पेटीत?"

"काय करणार? झाकणाचा स्क्रू सैल होता. आवळला." थू. "जळालाय तो स्पीकर, पेटीचा काय संबंध? पेटी कधी जळते का?"

"बोगद्याच्या आतल्या फळ्या कशा बसवतोस तू?"

"सरसाने."

"आणि स्क्रू?"

सुतार हसला. त्याच्या पुढच्या दातावरही एक पिवळी पापडी होती. "बाहेरून मारतो की. बाहेरून बघा, आठ-आठ स्क्रू आहेत. आतलं कोण बघतं, बाई? आत काय माणसं राहायला जाणार आहेत?"

"हे तुझं डोकं, की कोणी सांगितलं?"

तो अंगठा सोलायला लागला.

त्याच्या पायाशी सरसाचा डबा होता. डब्याखाली एक फळी होती, डाग पडलेली, अर्धी भुशात बुडालेली. पेट्यांचं बाहेरचं लाकूड राखाडी कापडाने मढवलं जातं आणि आतलं कोरंच राहतं. ही फळी एका अंगाने काळ्या रंगाने रंगवलेली होती. पेटीत काळा रंग एकाच ठिकाणी लागतो, बोगद्यात, बाहेरून कोणी डोकावलं तर पांढरं दिसू नये म्हणून.

"डबा उचल," कोनवाली म्हणाली.

"कशाला?"

"उचल म्हणते ना."

सुताराने डबा उचलला नाही. तो उठला आणि मालकाला हाका मारत दुकानाकडे पळाला.

५

चार वाजून वीस मिनिटांनी दुकानाच्या मागच्या आवारात पाच माणसं डिकीभोवती उभी होती. मालकाच्या हातात तो कागद होता, घडी घातलेला. सुतार त्याच्या मागे. डॉक्टर नाकाला रुमाल लावून, पण उत्सुकतेने, दुसऱ्याच्या दाढेत डोकावायला मिळाल्यासारखे.

"ही काय नाटकं आहेत बाई?" मालक म्हणाला. "आमच्या घरातली गोष्ट आहे. भाऊ माझा, दुकान माझं."

"स्पीकर माझ्या टेबलावर आला की तो माझा," कोनवाली म्हणाली. "तुम्हीच पाठवलात. काट्या, दुकानातला दुसरा पंधरा इंची बसव या पेटीत."

काट्याने बसवला. मग त्याने फोनवरून एक शुद्ध सूर सोडला, आवाज अगदी बारीक ठेवून. कोनवालीने कोनवर चिमूटभर लाकडाचा भुसा टाकला.

"डॉक्टर, बघा. पेटीचा जो आकडा असतो, त्या सुरावर हवा बोगद्यातून जोरात वाहते आणि कोन जवळजवळ स्वस्थ बसतो. त्याच्या वर आणि खाली तो नाचतो. काट्या, तेहतीस लाव."

तेहतीसचा सूर लागला. जमिनीतून आल्यासारखी घरघर झाली. कोनवरचा भुसा टणाटण उडू लागला, कढईत टाकलेल्या मोहरीसारखा.

"नाचतोय," डॉक्टर म्हणाले.

"नाचायला नको होता. शुक्रवारी काट्याने मोजलं तेव्हा तेहतीसला हा स्वस्थ होता. वर जा."

पस्तीस. अडतीस. चाळीस. भुसा हळूहळू मवाळ होत गेला. त्रेचाळीसला तो कोनवर पडून राहिला आणि बोगद्याच्या तोंडातून आलेल्या वाऱ्याने डॉक्टरांचा रुमाल हलला.

"दहाची चूक," मालक लगेच म्हणाला. "बघा! म्हणजे मोजायलाही चुकला. वहीचं काय घेऊन बसलात, वहीत कोणीही काहीही लिहील."

काट्याचा चेहरा पडला. तापाची ती संध्याकाळ पुन्हा त्याच्या डोळ्यांत आली.

"स्पीकर काढ," कोनवाली त्याला म्हणाली. "आणि हात आत घाल. उजवीकडे, बोगदा जिथे मागच्या भिंतीला वळतो तिथे. काय लागतंय?"

काट्याचा हात खांद्यापर्यंत आत गेला. तो चाचपडत राहिला. मग थांबला.

"इथे फळी संपते," तो म्हणाला. "पण संपायला नको. पुढे सगळं खडबडीत आहे, मावशी. उखडल्यासारखं."

६

कोनवालीने सुताराच्या शेडमधून, डब्याखालून काढून जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेली फळी बाहेर काढली. एका अंगाने काळी, दुसऱ्या अंगावर डब्याचा गोल डाग. तिच्या एका कडेवर वाळलेल्या सरसाची पट्टी होती आणि पट्टीत जागोजागी फुगे. लाकूड स्क्रूने आवळलेलं असतं तर तिथे फुगे राहिलेच नसते. सरसाबरोबर मूळ फळीचे पापुद्रे उपटून आले होते. तिने ती डॉक्टरांकडे दिली, कारण तिथे उभ्या असलेल्यांत त्यांचेच हात तिला स्वच्छ वाटले.

डॉक्टरांनी टॉर्च तोंडात धरला, फळी आत नेली आणि हलकेच जागेवर टेकवली. "बसली," ते टॉर्चमधूनच म्हणाले. मग तो काढून, "तुटलेल्या दाताचा तुकडा बसावा तशी बसली. याच जागेची आहे."

"रविवारी सकाळी जी खडखडत होती ती ही," कोनवाली म्हणाली. "सरस सुटून आत पडली होती. सुतार आला. पुन्हा बसवायची तर पूर्ण पेटी उघडायला लागली असती, आणि आत एकही स्क्रू नाही हे दिसलं असतं. त्याने फळी बाहेर काढली आणि घेऊन गेला. बोगदा आखूड झाला, पेटीचा आकडा तेहतीसवरून त्रेचाळीसला चढला. वरचे सूर फुगले, म्हणून डॉक्टर खूश. पण काट्याचा फिल्टर अठ्ठावीसचा, तो जुन्या पेटीसाठी होता. पूर्वी जिथे कोन सगळ्यात शांत असायचा, तिथेच आता तो मोकाट सुटला. घरंगळत जाणारा सूर आला आणि त्याचं कंबरडं मोडलं."

"आणि बूस्ट?" डॉक्टरांनी विचारलं.

"तो आज सकाळी फिरवला. ती संधी तिघांनाच होती. तुम्हाला, सुताराला आणि मालकांना. तुम्ही फ्यूजला स्क्रू म्हणता."

डॉक्टरांनी खोकल्यासारखं केलं.

"मालकांना बनाव करायचा असता तर त्यांनी बूस्टला हातच लावला नसता. तीस वर्षं धंद्यात असलेल्या माणसाला स्पीकरचे दोन्ही मृत्यू माहीत असतात. त्याने फिल्टर तळाला नेला असता, आणि तो या स्पीकरच्या जखमांशी तंतोतंत जुळला असता. मी सुद्धा फसले असते. पण ज्याने हे केलं त्याला या धंद्यातलं एकच वाक्य पाठ होतं. रोज येता-जाता भिंतीवर वाचलेलं." तिने चिमट्यातली पिवळी कपची पुढे केली. "बूस्टला हात लावला की स्पीकर जळतो. म्हणून त्याने हात लावला. खोटा मृत्यू रंगवला, तोही चुकीचा. नासक्या दुधाच्या वासाला जळका वास म्हणून मोकळा झाला."

सुताराच्या तोंडातून सगळं एकदमच फुटलं. "मी एकटा काय करणार? यांनीच सांगितलं होतं! आत स्क्रू मारायला वेळ जातो, नुसता सरस लाव, आतलं कोण बघतं! माझं नाही ते, यांचं वाक्य आहे! सगळ्या पेट्या तशाच आहेत. वर्षभराच्या सगळ्या!"

"तू गप्प बस," मालक म्हणाला. मग तो भावाकडे वळला आणि आवाज मऊ केला. तो मऊ आवाज ऐकून कोनवालीला दुधाच्या थरापेक्षा जास्त किळस आली. "अरे, मला कुठे माहीत होतं याने फळी काढली ते? मी बूस्ट बघितला, वाटलं तुझा ताप, तुझी चूक. कोणालाही वाटलं असतं."

काटा कदाचित मानला असता. चाळीस वर्षं तो दादाचं मानत आला होता. कोनवालीने मेलेल्या स्पीकरचं मॅग्नेट पिशवीतून काढलं आणि त्याच्यासमोर धरलं, उजेडाकडे कलतं करून. एक, टिंब, आणि पुढे अंगठ्याचा निळा फराटा. उजेड तिरका पडताच फराट्याखाली खडूने उमटवलेला नऊ दिसला.

काट्याने ते वाचलं. मग त्याने खिडकीतून आतल्या फळीवरच्या ओळीकडे बघितलं, एकेका वस्तूच्या पाठीवरचे निळे आकडे.

"दादा," तो म्हणाला, "परत आलेली वस्तू आधी मोजायची, आकडा मागे लिहायचा, मगच बोलायचं. हा नियम तुझाच ना?"

मालकाचा हात नकळत खिशावर गेला.

"सव्वानऊला तू मोजलास. एक पूर्णांक नऊ. तुला तेव्हाच कळलं की हा जळालेला नाही. मग तू तो आकडा पुसलास, चिठ्ठीवर 'जळालेला' लिहिलंस आणि आईला फोन केलास."

"दुकान वाचवायला!" मालक ओरडला. "पेटीचं नाव निघालं असतं तर एकेक पेटी परत आली असती. एका माणसाने बाजूला झालं तर सगळं निभतं. तू काय, कुठेही लागशील कामाला!"

हे बोलून झाल्यावर त्याने किल्ली कानात घातली. कदाचित त्याला स्वतःलाही कळलं नसेल. कोनवालीने मान फिरवली.

काट्याने हात पुढे केला. "कागद दे."

मालकाने घडी घातलेला कागद दिला. सही होणार अशी त्याला अजूनही आशा होती, कारण पाचला पाच मिनिटं कमी होती. काट्याने तो बोनेटवर पसरला, पालथा केला आणि कानामागची पेन्सिल काढली. खिशातली वही उघडली. तिच्यात वर्षभरातली प्रत्येक गाडी होती, पेटीचा आकडा, फिल्टर, बूस्ट शून्य. तो एकामागून एक गाडी उतरवत गेला, घाई न करता, नेहमीच्या स्वच्छ अक्षरात. पान भरलं. वर त्याने एक ओळ लिहिली: 'या पेट्यांमध्ये आतून स्क्रू नाहीत. दुकान त्या परत घेऊन दुरुस्त करून देईल.' मग पेन्सिल ठेवली आणि दादाच्या खिशातलं पेन स्वतःच काढून त्याच्यापुढे धरलं.

"सही कर."

"वेडा झालास? आई काय म्हणेल?"

"तिला मी फोन करतो. तू सही कर."

"आणि मला हा कागद बघायचाय," डॉक्टर म्हणाले. "माझ्याकडे रोज पंचवीस लोक तोंड उघडून बसतात, मालक. त्यांना बोलता येत नाही, पण ऐकू येतं."

मालकाने सही केली. अक्षर वाकडं आलं. सुतार तेवढ्यात निसटला होता, सरसाचा डबा तसाच उघडा टाकून.

दुकानाच्या काचेत नमुन्याची पेटी ठेवलेली होती, निळे दिवे लावलेली, गिऱ्हाइकांना दाखवायची. काटा आत गेला, दिवे बंद केले आणि तिच्यातला स्पीकर सोडवला. डॉक्टर मागोमाग गेले. त्यांनी बाही वर केली, हात आत घातला, डोळे मिटले, दोन बोटांनी आतली फळी धरून हलवून पाहिली.

"हलतेय," ते म्हणाले, रुग्णाला वाईट बातमी सांगायच्या सुरात. "काढावीच लागेल."

काट्याने यादीच्या तळाला आणखी एक ओळ जोडली.

कोनवाली मागच्या नळावर हात धूत होती. साबण होता, पण त्यावर कोणाच्या तरी केसांचा गुंता चिकटलेला होता. तिने तो तसाच ठेवला, नुसत्या पाण्याने कोपरापर्यंत दोनदा हात चोळले आणि न पुसताच घराकडे निघाली.